ऐंशीतले टीनएज पिक्चर आणि त्यांची न सुटणारी ओढ

अमेरिकेत ऐंशीच्या दशकात जे हलकेफुलके टीनएज पिक्चर आले, सिक्स्टीन कँडल्स, ब्रेकफास्ट क्लब, फेरिस ब्युलर वगैरे, त्यांच्याबद्दल लोक अजून इतकं भरभरून का बोलतात, याचं उत्तर बहुतेक वेळा गाणी, कपडे आणि फुगवलेल्या केसांवर येऊन थांबतं. मला ते अर्धवट वाटतं. केस आणि गाणी त्या काळातल्या सगळ्याच पिक्चरांत होती, पण सगळ्यांची आठवण कोणी काढत नाही. सोळा वर्षांच्या पोरांची जी दुःखं मोठ्यांना किरकोळ वाटतात, ती या पिक्चरांनी हसवता हसवता मनावर घेतली, ओढ आहे ती त्याची. आणि हे काही एका रात्रीत झालं नाही, त्याच्या मागे दहा-बारा वर्षांची गोष्ट आहे.

सुरुवात 1973 पासून करावी लागते. जॉर्ज लुकासचा अमेरिकन ग्राफिटी त्या वर्षी आला, त्यातली गोष्ट 1962 मधल्या एका रात्रीची, कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावातली, जिथे लुकास स्वतः वाढला. शाळा संपलेली पोरं रात्रभर गाड्या फिरवतात, रेडिओवर गाणी चालू, सकाळी कोणीतरी गाव सोडून जाणार. म्हणजे टीनएज पिक्चरचा हा जो नवा अवतार आला तो मुळातच मागे वळून बघणारा होता, अवघ्या अकरा वर्षांपूर्वीच्या अमेरिकेकडे, पण मधे केनेडींची हत्या आणि व्हिएतनाम होऊन गेलं होतं त्यामुळे ती अकरा वर्षं फार लांब वाटत होती. दहा लाख डॉलरच्याही आत बनलेल्या या पिक्चरने दहा कोटींच्या वर कमावले आणि स्टुडिओवाल्यांना कळलं की या वयाचा प्रेक्षक तिकीट काढतो.

मग 1978 ला अ‍ॅनिमल हाउस आला, कॉलेज होस्टेलचा धिंगाणा, तोही साठच्या दशकात घडणारा, आणि तो तुफान चालल्यावर नकला सुरू झाल्या. 1982 मधला पोर्कीज हा त्यातला सगळ्यात मोठा, गोष्ट 1954 ची, विनोद सगळा चोरून बघण्याचा आणि वात्रटपणाचा. पैसे भरपूर मिळाले पण त्यातली मुलगी म्हणजे फक्त बघायची वस्तू, तिला स्वतःचं काही म्हणणं आहे असं कुठे दिसतच नाही. त्यावर जास्त वेळ घालवावा असं मला वाटत नाही.

त्याच वर्षी फास्ट टाइम्स अ‍ॅट रिजमाँट हाय आला आणि इथे खरा बदल दिसतो. कॅमेरन क्रो हा तेव्हा विशीतला पत्रकार, तो सॅन डिएगोच्या एका शाळेत विद्यार्थी म्हणून जाऊन राहिला, पोरं काय बोलतात, कुठे नोकऱ्या करतात, कशाला घाबरतात ते टिपून त्याने पुस्तक लिहिलं आणि मग त्यावरून पटकथाही. दिग्दर्शन एमी हेकरलिंगचं, तिचा हा पहिलाच पिक्चर. शॉन पेनचा वर्गात पिझ्झा मागवणारा स्पिकोली सगळ्यांना आठवतो, पण पिक्चरमधली पंधरा वर्षांची स्टेसी जे भोगते, नको असलेलं गर्भारपण आणि ऐनवेळी गायब झालेला पोरगा, ते इतकं साधेपणाने दाखवलंय की आज बघतानाही पोटात खड्डा पडतो. शिवाय या पिक्चरचं अर्धं आयुष्य मॉलमध्ये जातं. आपल्याकडे तेव्हा मॉल हा शब्दही नव्हता, तिकडे मात्र पोरांचा कट्टा तोच झाला होता, तिथेच नोकरी, तिथेच प्रेम, तिथेच मल्टिप्लेक्स.

काळ कसा जुळून आला होता बघा. 1 ऑगस्ट 1981 ला एमटीव्ही सुरू झालं, म्हणजे पिक्चरमधलं गाणं दिवसभर घरात वाजायची सोय झाली. घरोघरी व्हीसीआर शिरायला लागले. आणि 1 जुलै 1984 पासून अमेरिकेत पीजी-13 हे नवं सर्टिफिकेट आलं, ते खरं तर इंडियाना जोन्सच्या दुसऱ्या भागावर आणि ग्रेमलिन्सवर पालक चिडले म्हणून, पण त्याचा फायदा टीनएज पिक्चरांना झाला, कारण अगदी लहान मुलांचं आणि फक्त मोठ्यांचं यांच्यामधे एक जागा तयार झाली.

आणि या जागेवर येऊन बसला जॉन ह्यूज. जन्म 1950, वाढला शिकागोच्या उत्तरेकडच्या नॉर्थब्रुक उपनगरात, आधी शिकागोत जाहिरातींच्या कंपन्यांमध्ये कॉपी लिहायचा, मग नॅशनल लॅम्पून या विनोदी मासिकात. नॉर्थब्रुकचं जुनं नाव शर्मरविल, त्यावरून त्याने शर्मर नावाचं काल्पनिक गाव केलं आणि आपली बरीचशी पोरं तिथे राहायला पाठवली. 1984 ते 1987 या तीन वर्षांत सहा टीनएज पिक्चर, चार स्वतः दिग्दर्शित केलेले आणि दोन हॉवर्ड ड्यूच या दिग्दर्शकासाठी लिहिलेले. मॉली रिंगवाल्ड या नटीचा फोटो समोर लावून सिक्स्टीन कँडल्स त्याने 4 जुलैच्या सुट्टीच्या वीकेंडला लिहून काढला असं सांगतात, आणि त्यातली कल्पना तरी केवढीशी, बहिणीच्या लग्नाच्या गडबडीत घरचे मुलीचा सोळावा वाढदिवस विसरतात, एवढंच. पण ज्याचा वाढदिवस घरचे विसरलेत त्याला विचारा ते केवढंसं असतं का.

ब्रेकफास्ट क्लब (1985) मला या सगळ्यांत वरचा वाटतो. शिक्षा म्हणून शनिवारी शाळेत बसवलेली पाच मुलं, दिवसभर एकच लायब्ररी, प्रत्येकाने आपण कोण आहोत यावर हजार शब्दांचा निबंध लिहायचा, संपला पिक्चर. डेस प्लेन्समधली एक बंद पडलेली शाळा घेऊन तिच्या जिममध्ये लायब्ररीचा सेट उभा केला, साधारण दहा लाख डॉलरमध्ये काम भागवलं आणि एकट्या अमेरिकेत साडेचार कोटींच्या वर कमाई झाली. पण आकडे सोडा, त्यातला डबा खायचा प्रसंग बघा. श्रीमंत घरातली क्लेअर लाकडी पाटावर सुशी मांडते, 1985 मध्ये शाळेच्या डब्यात सुशी. पहिलवान अँडी पिशवीतून सँडविचवर सँडविच, चिप्सचं पाकीट, दूध असं काढतच राहतो. हुशार ब्रायनचा डबा आईने भरलेला, सूप, ज्यूस आणि कडा कापलेलं सँडविच. कोणाशीच न बोलणारी अ‍ॅलिसन सँडविचमधलं मांस वर भिरकावते आणि ब्रेडमध्ये साखरेची पूड आणि कुरकुरीत सीरियल भरून ते कराकरा खाते. आणि बेंडरकडे डबाच नाही. तो सगळ्यांच्या डब्यांची टर उडवत फिरतो आणि मग ब्रायनच्या घरची नक्कल करतो, प्रेमळ आईबाबा, आणि ती झाल्यावर स्वतःच्या घरची. हसणारं लायब्ररीभर कोणी उरत नाही. प्रत्येकाच्या घरात काय चालतं ते डब्यावरून कळलं, कोणी भाषण दिलं नाही. शाळेत मधल्या सुट्टीत दुसऱ्याच्या डब्यात डोकावलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि शेवटाकडे ब्रायन विचारतो, सोमवारी आपण एकमेकांशी बोलणार का. क्लेअर खरं काय ते सांगून टाकते, नाही बोलणार बहुतेक. सगळं गोड करून टाकायचा मोह तिथे ह्यूजने टाळला, म्हणून तो पिक्चर टिकला असं माझं ठाम मत आहे.

प्रिटी इन पिंकमध्ये (1986) मात्र तो मोह टाळता आला नाही. गरीब घरातली अँडी, श्रीमंत ब्लेन आणि तिच्यावर जीव टाकणारा मित्र डकी. मूळ शेवटात अँडी आणि डकी एकत्र होते, पण रिलीजआधीच्या टेस्ट स्क्रीनिंगला प्रेक्षकांना ते रुचलं नाही, म्हणून शेवट पुन्हा शूट केला. तोपर्यंत ब्लेन झालेल्या अँड्र्यू मॅकार्थीने नाटकासाठी डोकं भादरलं होतं त्यामुळे त्या सीनमध्ये त्याच्या डोक्यावर विग आहे, नीट बघितलंत तर दिसतो. ओएमडी या ब्रिटिश बँडचं आधीचं गाणं नव्या शेवटाला बसेना, तर त्यांनी एका दिवसात इफ यू लीव्ह लिहून दिलं आणि तेच त्यांचं अमेरिकेतलं सगळ्यात गाजलेलं गाणं ठरलं. ह्यूजला ही तडजोड लागली असावी, कारण पुढच्याच वर्षी त्याने सम काइंड ऑफ वंडरफुल लिहिला, तीच गोष्ट, फक्त मुलगा-मुलगी उलटे, आणि यात मात्र जुनी मैत्रीणच जिंकते.

फेरिस ब्युलर (1986) वरवर बघितलं तर सगळ्यात हलका. बारावीच्या वयाचा पोरगा आजारी असल्याचं सोंग करतो आणि मित्राच्या बापाची फेरारी घेऊन तो मित्र आणि मैत्रीण यांच्यासोबत शिकागोभर फिरतो, रिगली फील्डवर बेसबॉल, सिअर्स टॉवर, मिरवणुकीत नाच. पण मधेच तिघं शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये जातात आणि कॅमेरन, तो घाबरट मित्र, जॉर्ज सूरा या फ्रेंच चित्रकाराच्या ठिपक्याठिपक्यांच्या त्या मोठ्या चित्रासमोर उभा राहतो. कॅमेरा एकदा त्याच्या चेहऱ्यावर, एकदा चित्रातल्या लहान मुलीवर, दरवेळी अजून जवळ, शेवटी मुलगी उरतच नाही, नुसते रंगाचे ठिपके आणि कॅनव्हास. एक शब्द बोललेला नाही. खरा पिक्चर फेरिसचा नाही, कॅमेरनचा आहे, आणि हे लहानपणी लक्षात येत नाही, मोठेपणी पुन्हा बघताना येतं. अशा जागा आहेत म्हणून हे पिक्चर परत परत बघवतात.

लाट मात्र लवकरच ओसरली. जून 1985 मध्ये न्यूयॉर्क मासिकात एक लेख आला आणि या तरुण नटांच्या कंपूला ब्रॅट पॅक, म्हणजे लाडावलेल्या कार्ट्यांची टोळी, हे नाव चिकटलं, ते त्यांना अजिबात आवडलं नाही, मॅकार्थीने तर 2024 मध्ये त्यावर ब्रॅट्स नावाची डॉक्युमेंटरीच केली. 1989 ला हेदर्स आला, त्यात शाळेतल्या त्याच कंपूबाजीवर इतका काळाकुट्ट विनोद होता की आधीचा गोडवा परत येणं अवघडच होतं. ह्यूज लहान मुलांच्या पिक्चरांकडे वळला, 1990 चा होम अलोन त्यानेच लिहिलेला, दिग्दर्शन ख्रिस कोलंबसचं. आपल्याकडे ज्यांनी ह्यूजचं नाव कधी ऐकलं नाही त्यांनीही होम अलोन हमखास बघितलेला असतो. 1991 नंतर ह्यूजने एकही पिक्चर दिग्दर्शित केला नाही, आणि 2009 च्या ऑगस्टमध्ये तो न्यूयॉर्कला हार्ट अटॅकने गेला.

आता ओढीचं. हे पिक्चर थिएटरपेक्षा घरात जास्त जगले. अमेरिकेत भाड्याची कॅसेट, केबल, सुट्टीच्या दुपारी टीव्हीवर शिव्या कापून लागलेला तोच पिक्चर पुन्हा, त्यामुळे संवाद पाठ झाले आणि पाठ झालेली गोष्ट आपल्या घरातली वाटायला लागते. आपल्याकडे 1982 च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आले, व्हिडिओ लायब्ऱ्या निघाल्या, पण हे पिक्चर बहुतेकांच्या वाट्याला आले ते नव्वदच्या दशकात केबलवर, म्हणजे जन्माला आल्यावर दहा वर्षांनी. लॉकर, प्रॉम म्हणजे शाळेतला नाचाचा कार्यक्रम, पिवळी स्कूलबस यातलं काहीच आपलं नव्हतं, तरी आज चाळिशीत असलेल्या मराठी माणसालाही ते बघून गलबलतं, कारण बापाची भीती, वर्गातले कंपू आणि न सांगितलेलं प्रेम हे सगळं इथेही होतंच.

मराठीत त्या दशकात विनोदी पिक्चरांचा सुकाळ होता पण त्यातली माणसं नोकरी आणि भाड्याची खोली शोधणारी, शाळकरी पोरं नव्हेत. ती भरपाई खूप उशिरा झाली. 2012 मध्ये मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरचा शाळा आला, आणीबाणीच्या काळातला, आणि 2013 मध्ये रवी जाधवचा बालक पालक, ज्यात ऐंशीच्या दशकातल्या चाळीतली चार पोरं व्हिडिओ कॅसेटच्या मागे लागतात आणि मोठे जे सांगत नाहीत ते शोधून काढायला बघतात. तिकडे त्याच वयाच्या पोरांवर त्याच काळात पिक्चर निघत होते, आपण ते तीस वर्षांनी आठवणीतून केले, तरीही चांगले केले.

एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. या पिक्चरांत आज खटकतं असं बरंच आहे. सिक्स्टीन कँडल्समध्ये आशियाई विद्यार्थी पडद्यावर आला की घंटा वाजते, आणि शुद्धीत नसलेल्या मुलीला दुसऱ्याच्या ताब्यात दिल्याचा विनोद केलाय. 2018 मध्ये मॉली रिंगवाल्डने स्वतःच न्यूयॉर्कर या साप्ताहिकात यावर मोठा लेख लिहिला, मुलीबरोबर ब्रेकफास्ट क्लब पुन्हा बघताना बेंडर क्लेअरशी जसा वागतो ते तिला खटकत राहिलं, आणि त्याच लेखात ती हेही लिहिते की या पिक्चरांनी आम्हाला एकटं वाटू दिलं नाही असं सांगणारी माणसं तिला आजही भेटतात. दोन्ही तितकंच खरं आहे आणि तिने दोन्ही लपवलं नाही याचा मला फार आदर वाटतो.

घरातल्या मुलांना दाखवायचे असतील तर फेरिसपासून सुरू करा, तो कुठल्याही वयात चालतो. ब्रेकफास्ट क्लबमध्ये शिव्या आहेत, पंधरा-सोळाच्या पुढे ठीक, आणि सोबत बसून बघा. सिक्स्टीन कँडल्स मात्र आधी स्वतः बघून घ्या, मग ठरवा.