बटण बंद, तरी गनमध्ये हवा

घरात वॉर्डरोबचं काम चालू आहे. जेवायची वेळ झाली की मिस्त्री टाकीत हवा दाबून भरणाऱ्या कॉम्प्रेसरचं बटण बंद करतात आणि नेल गन प्लायवर तशीच ठेवून उठतात. आता कुणी गन लाकडावर टेकवून घोडा दाबला तर खिळा सुटेल का? सुटेल, आणि टाकीत पुरेसा दाब आहे तोवर सुटत राहील. मोटर फक्त टाकी भरते. खिळा ठोकते ती साठलेली हवा, आणि ती पाइपात आणि गनच्या पोकळ मुठीतही भरलेली असते.

घोडा दाबला की आतली झडप उघडते आणि मुठीतली हवा दट्ट्यावर धडकते. दट्ट्याला जोडलेली पोलादी पट्टी खिळ्यांच्या माळेतला एक खिळा तोडून लाकडात घुसवते. गेजवर ७ बार, म्हणजे सुमारे १०० पीएसआय दाब आहे आणि दट्ट्याचा व्यास ४ सेंटीमीटर आहे असं धरलं, तर त्यावर जवळजवळ ९० किलो वजनाइतका जोर येतो. म्हणून अडकलेला खिळा काढायचा तर आधी पाइप सोडवायचा. गनच्या बाजूला नर कपलर, म्हणजे पाइपाच्या जोडात शिरणारी बिनझडपेची तोटी असेल, तर पाइप निघताच मुठीतली हवाही फुस्स करून निघून जाते. तिथे उलटा, म्हणजे झडप असलेला मादी कपलर लावला, तर हवा आत कोंडून राहते आणि पाइप नसतानाही एखादा खिळा सुटू शकतो.

गनच्या तोंडाशी सरकती सेफ्टी असते. ती लाकडावर दाबल्याशिवाय खिळा सुटत नाही. खरा घोळ घोडा दाबून धरूनच गन टेकवत जाण्याच्या सवयीत आहे. खिळा सुटताच गन धक्क्याने उसळते, पुन्हा लाकडावर आपटते, सेफ्टी परत दबते आणि नको असलेला दुसरा खिळा निघतो. प्रत्येक खिळ्यासाठी आधी सेफ्टी टेकवायची आणि मगच घोडा दाबायचा, अशी सक्ती करणारा घोडा यापेक्षा खूपच सुरक्षित. अमेरिकेत २००१ ते २००५ या काळात नेल गनच्या जखमा घेऊन दरवर्षी सरासरी ३७ हजार लोक रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत पोहोचले, आणि त्यातल्या बहुतेक जखमा हाताबोटांच्या होत्या. आपल्याकडे वेग वाढावा म्हणून सेफ्टी तारेने बांधून ठेवतात, ते पाहून माझ्या पोटात गोळा येतो. कृपा करून तसं करू नका, आणि कुणी करत असेल तर थांबवा.

लाकूड धरणारा हात खिळ्यापासून फूटभर लांब हवा. बारीक खिळा गाठीला किंवा रेषेला लागला की वाकतो आणि फळीच्या बाजूने बाहेर येतो. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण हवंच. खिळा बोटात शिरलाच, तर उपटू नका. आहे तसा हात घेऊन डॉक्टरांकडे जा.

आणखी एक, जिवावर बेतणारी गोष्ट. कॉम्प्रेसर बिघडला म्हणून वेल्डिंगचं ऑक्सिजन सिलिंडर गनला कधीही जोडायचं नाही. आतलं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.

देखभालीत आपल्या पावसाळ्याचा मोठा वाटा आहे. ३० अंश तापमानाच्या दमट हवेत दर घनमीटरमागे २७ ग्रॅमच्या आसपास वाफ असते. ती हवा ७ बारपर्यंत दाबून टाकीत गार झाली, की त्यातली २० ग्रॅमहून जास्त वाफ पाणी होऊन तळाशी बसते. कोकणात जुलैमध्ये संध्याकाळी टाकीखालचा कॉक उघडून पाहा, गंजाने लालसर झालेलं पाणी येईल. ते रोज काढलं नाही, तर पाइपातून गनमध्ये जातं आणि तेल धुऊन नेतं. तेल म्हणून हवेच्या अवजारांसाठीचंच वापरा, सकाळी पाइप जोडण्यापूर्वी गनच्या तोटीत चार-पाच थेंब पुरतात. गंज सोडवायचा स्प्रे मारला तर आतल्या रबरी रिंगा फुगतात किंवा कडक होतात.

गन नुसती जोडून ठेवली आणि सुस्कारा ऐकू आला, तर हवा कुठून निघते ते बोटाने चाचपा, पण गनचं तोंड सगळ्यांपासून दूर रिकाम्या जागेकडे असू द्या आणि खिळे आधी काढून घ्या. घोड्याजवळून येत असेल तर बहुधा घोड्याच्या झडपेची रिंग गेलेली असते, आणि हवा बाहेर पडायच्या वरच्या भोकातून येत असेल तर गनच्या डोक्यातल्या झडपेची.