बेटर कॉटन आणि सेंद्रिय कापूस: घोळ नेमका कुठे होतो

बेटर कॉटन हा नेहमीची कापूसशेती हळूहळू सुधारण्याचा कार्यक्रम; त्यात शेतकरी गटाने सहभागी होतात. या गटातल्या शेतकऱ्याने बीटी (जनुकीय बदल केलेले) वाण लावले, युरिया दिला, तरी तेवढ्याने नियम मोडत नाही. सेंद्रिय शेतात यातले एक जरी झाले तरी त्या कापसाचे प्रमाणपत्र धोक्यात येते.

सेंद्रियमध्ये जनुकीय बदल केलेले बियाणे, रासायनिक खत, रासायनिक कीटकनाशक, सगळेच बंद. शेवटचे निषिद्ध खत-औषध वापरल्यापासून साधारण 2 ते 3 वर्षे रूपांतरणाची, म्हणजे शेत सेंद्रिय होण्याची धरतात आणि तोवरचा माल पूर्ण सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. बेटर कॉटनच्या गटात काढलेली वर्षे या हिशेबात आपोआप धरली जात नाहीत. इथेच बरेच जण फसतात. पाकिटातले बियाणे बहुतेक वेळा रसायन लावूनच येते; तेच पेरणे ही दुसरी नेहमीची चूक.

बेटर कॉटनमध्येही काही रेषा पक्क्या आहेत: स्टॉकहोम करारातली (दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय करारातली) कीटकनाशके नाहीत, 18 वर्षांखालच्यांनी, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी फवारणी करायची नाही. त्यापुढचे काम मात्र दरवर्षी थोडे थोडे सुधारत न्यायचे असते. गुलाबी बोंडअळीचे घ्या. तारीख आली म्हणून पंप पाठीवर घ्यायचा नाही. शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडे तोडायची, फोडून बघायची. 2 किंवा जास्त बोंडांत अळी निघाली, म्हणजे 10 टक्के, तरच फवारणी. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग 3 रात्री दर सापळ्याला दर रात्री 8 पतंग सापडले तरी तोच इशारा. बोंड वरून धडधाकट दिसते, अळी आत असते. फोडल्याशिवाय कळत नाही.

आता सुधारणा झाली हे दाखवणार कशावरून? नोंदवहीवरून. औषधाचे नाव, मात्रा, तारीख, पाणी, खत त्याच दिवशी लिहिले तरच गेल्या हंगामाशी तुलना जमते. हंगाम संपल्यावर एका बैठकीत भरलेल्या वह्या लगेच ओळखू येतात: गटातल्या सगळ्यांची फवारणी एकाच तारखेला, मात्राही एकच. अशा वहीपेक्षा कोरी वही बरी, निदान दिशाभूल तरी करत नाही. सेंद्रियमध्येही वही लागतेच, पण तिथे ती निषिद्ध काही वापरले नाही याचा पुरावा असते.

जिनिंगपर्यंत, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करेपर्यंत, दोन्हीकडे माल वेगळा ठेवावाच लागतो. पुढे बेटर कॉटनला 'मास बॅलन्स' चालतो: गिरणीत इतर कापसात मिसळा, विक्रीचा दावा मात्र खरेदीच्या वजनापुरताच. त्यामुळे अशा दाव्याच्या शर्टात त्या शेताचा धागा असेलच असे नाही. सेंद्रिय रुईची गाठ (दाबलेला गठ्ठा) मात्र कापडापर्यंत वेगळी न्यावी लागते. आदल्या मालाची सरकी यंत्रात राहिली तर तेवढ्यानेही बीटीची भेसळ होते. ती तपासायला डीएनए लागतो आणि ब्लीच-रंगाईनंतर तो हाती येत नाही. म्हणून नमुना सरकीचा किंवा कच्च्या रुईचाच घ्या.