पाव: एक उच्चार, अनेक मुळं

‘पायांनी तुडवून मळलेल्या कणकेचा म्हणून तो पाव,’ ही व्युत्पत्ती पुण्यात आजही ठामपणे सांगितली जाते. तिच्या जोडीला दुसरी एक असते: लादीतला एकेक तुकडा म्हणजे चौथाई, म्हणून पाव. दोन्ही ऐकायला पटतात आणि दोन्ही चूक आहेत. पाव हे खाण्याच्या पदार्थाचं नाव पायावरून आलेलं नाही, पाव किलोवरूनही नाही. मात्र पाय आणि पाव किलो यांचं एकमेकांशी सख्खं नातं आहे. गोंधळ होतो तो इथेच.

मराठीत ‘पाव’ असं लिहिलेले किमान तीन वेगळे शब्द आहेत. तिघांतला ‘व’ तीन वेगळ्या वाटांनी आला.

पहिला चौथाईचा. मूळ संस्कृत ‘पाद’. पाद म्हणजे पाऊल, आणि जनावराला पाय चार, म्हणून पाद म्हणजे एक चतुर्थांश. हा अर्थ फार जुना आहे. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात ‘पादोऽस्य विश्वा भूतानि त्रिपादस्यामृतं दिवि’ असं म्हटलं आहे, म्हणजे एक चौथाई इथे आणि तीन चौथाया तिथे. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘द’ गळला आणि ‘पाअ’ उरलं. ती मोकळी जागा भरायला कुठे ‘य’ आला, कुठे ‘व’. त्यातून मराठीला पाय आणि पाव असे दोन्ही मिळाले. ‘घात’पासून घाय आणि घाव झाले तेही असेच. एका शब्दावर भागत नाही, जोडीला तसंच वागलेला दुसरा शब्द दाखवता आला तरच व्युत्पत्ती टिकते.

या चौथाईचं कुटुंब मोठं आहे. सपाद म्हणजे पाव जास्त, त्याचं सव्वा झालं. पाद-ऊन म्हणजे पाव कमी, त्याचं पाऊण झालं, आणि पुढे संख्या जोडली की पावणेदोन, पावणेतीन. चार आण्यांची ती पावली. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली तेव्हा पावलीचे २५ नवे पैसे झाले, आणि ३० जून २०११ पासून २५ पैशांचं नाणं चलनातूनच गेलं. पावशेर मात्र शेर गेला तरी राहिला. मंडईत आजही पावशेर मिरच्या मागितल्या की २५० ग्रॅम मिळतात. वजनाचा जुना पक्का शेर ८० तोळ्यांचा होता. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर पावशेर, म्हणजे २० तोळे, साधारण २३३ ग्रॅम भरतो. जुन्या वहीतली पाककृती करताना हा १७ ग्रॅमचा फरक पाकाच्या पदार्थात जाणवतो. त्याहून मोठी चूक पुढेच आहे. धान्याचा शेर हे पुष्कळदा वजन नसून भरून घ्यायचं माप असे, चार शेरांची एक पायली. त्यामुळे ‘पावशेर रवा’ वाचून थेट २५० ग्रॅम तोलण्याआधी, लिहिणारीच्या घरी रवा तोलत की मापाने घेत, हे पाहावं लागतं.

हिंदीतही पाव म्हणजे चौथाई, आणि पाय म्हणजे पाँव. मूळ तेच, फक्त नाकातला उच्चार जास्त. पंजाबीत त्याचं ‘पा’ झालं, बंगालीत ‘पोया’, नेपाळीत ‘पाउ’. कन्नडमध्ये ‘पावु’ हे पावशेराचं माप आहे आणि ते बाहेरून आलं हे शब्दाच्या पहिल्या अक्षरावरूनच कळतं. जुन्या कन्नडमधला शब्दारंभीचा ‘प’ पुढे ‘ह’ झाला. तमिळमध्ये दूध ‘पाल’, कन्नडमध्ये ‘हालु’. तेलुगूत साप ‘पामु’, कन्नडमध्ये ‘हावु’. जुन्या कन्नडमध्ये सापालाही ‘पावु’च म्हणत. मापाचा पावु त्या काळी भाषेत असता तर त्याचाही हावु झाला असता. तो तसाच राहिला, म्हणजे बदल होऊन गेल्यावर आला.

दुसरा पाव क्रियापदातला. ‘नवसाला पावणारा’, ‘देवा, आता तरी पाव’. याचं मूळ प्र आणि आप्, म्हणजे प्राप्त होणे, पोचणे, प्राकृतात ‘पावइ’. इथला ‘व’ हा ‘प’ मऊ होऊन आला, जसा दीपकातून दिवा आणि तापातून ताव. पैसे पोचल्याचा कागद तो पावती, आणि हिंदीतलं ‘पाना’ याच घरातलं. सातारा-कोल्हापूरकडे पाहुण्याला ‘पावणं’ म्हणतात, ते मात्र या घरातलं नाही. त्याचं मूळ प्राघुण, मधला ‘ह’ गळल्यावर तिथे ‘व’ आला. ‘पावणेतीन’मधलं पावणे, ‘देव पावणे’मधलं पावणे आणि दारात आलेलं पावणं, असे हे तिघे तीन मुळांचे आहेत.

तिसरा पाव खायचा. मूळ पोर्तुगीज, तिथला उच्चार साधारण ‘पाँउ’, आणि तो लॅटिन ‘पानिस’वरून आलेला. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्याबरोबर भट्टीत भाजलेली, आंबवलेल्या गव्हाच्या पिठाची रोटी आली. गोव्यात आंबवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरत. पाव करणाऱ्याला तिकडे ‘पोदेर’ म्हणतात तोही पोर्तुगीज ‘पादेइरु’च. शेवटच्या नाकातल्या ‘आँउ’चा मराठीत ‘आव’ झाला. पुरावा ‘लिलाव’. मूळ पोर्तुगीज शब्दाचा शेवट अगदी तोच आहे आणि मराठीने त्याचंही तेच केलं. हिंदीने त्याच शब्दाचं नीलाम केलं, म्हणजे नाकातला आवाज ‘म’ करून ठेवला. गुजराती आजही खायचा पाव पुष्कळदा अनुस्वाराने ‘पांउ’ लिहितात आणि चौथाईचा पाव अनुस्वाराशिवाय. दोन शब्द वेगळे असल्याची खूण त्यांच्या लेखनात शाबूत आहे.

पायांनी मळण्याची गोष्ट कशी खोडायची? समुद्र ओलांडून. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले. जपानीत पावाला ‘पान’ म्हणतात. त्याआधी १५०५ मध्ये ते श्रीलंकेला लागले. सिंहलीत पाव ‘पान्’, तिथल्या तमिळमध्ये ‘पाण्’. जपानीत पायाला ‘आशि’ म्हणतात. नाव पायावरून पडलं असतं तर ते जपानात ‘पान’ म्हणून कसं पोचलं असतं? मराठी माणूस कोलंबोत ‘पान’ ऐकून विड्याकडे वळेल हे वेगळंच. आपलं पान संस्कृत ‘पर्ण’चं.

ही गोष्ट तग धरून राहिली त्याला भाषेबाहेरचं कारण आहे. पाव परधर्मीयांच्या भट्टीतून येई आणि सोवळ्याच्या घरात तो वर्ज्य होता. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा वसईकडे सांगतात. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांसह अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे धर्म बाटवल्याचा जातीतला खटला, झालं. जिथे बिस्किटावरून धर्म जाई, तिथे पाव पायांनी मळतात हे लोकांना लगेच खरं वाटलं असणार.

परक्या भाषांतले सारखे आवाज तर आणखी फसवे. मलेशियात ‘पाउ’ म्हणजे आत सारण भरून वाफवलेला मऊ गोळा. पोर्तुगीज मलाक्काला १५११ मध्येच पोचले होते, तेव्हा हा शब्द त्यांचाच वाटणं साहजिक आहे. पण तो दक्षिण चीनच्या होक्किएन बोलीतला, अर्थ ‘गुंडाळणे’. खुद्द पोर्तुगीजमध्ये नाकातला आवाज सुटला तर पावाचं लाकूड होतं, कारण तिथे ‘पाउ’ म्हणजे काठी. कॅटलनमध्ये ‘पाउ’ म्हणजे शांतता, आणि पुरुषाचं नावही, जसे चेलोवादक पाउ कासाल्स. शांतता लॅटिन ‘पाक्स’वरून, नाव ‘पाउलुस’वरून, एकाच भाषेत पुन्हा दोन मुळं. हवाईच्या भाषेत ‘पाउ’ म्हणजे संपलं.

असे शब्द वेगळे करताना लिपीवर विसंबू नये, आधी उच्चार लिहावा: स्वर लांब की आखूड, नाकातला की नाही. मग व्याकरण तपासावं. खायचा पाव पुल्लिंगी नाम आहे, त्याला प्रत्यय लागतो: पावाला, पावाचा. चौथाईचा पाव विशेषणासारखा येतो आणि बदलत नाही: पाव किलोला, पाव तासात. ‘पाव किलो पाव’ म्हटल्यावर कोणी गोंधळत नाही ते यामुळे. हिंदी-बंगालीने पुढे रोटी जोडून पावरोटी, पाउरुटी केलं. शेवटी जुने दाखले, प्रत्येक वाक्य संदर्भासह वेगळ्या चिठ्ठीवर. डेक्कन कॉलेजात १९४८ पासून चाललेल्या संस्कृत कोशाच्या कामात अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जमल्या आहेत. कोशात मग एका मुळाचे अर्थ एका नोंदीखाली येतात आणि वेगळ्या मुळाला वेगळी नोंद मिळते.

मोडी कागदांत चौथाई शोधताना ‘पाव’ हा शब्द शोधून पुरत नाही. हिशेबात तिथे नुसता दंड, म्हणजे उभी रेघ, असतो. ३। म्हणजे सव्वातीन, ३॥ साडेतीन, ३॥। पावणेचार. बोलताना चारातून पाव वजा होतो, लिहिताना तिनात पाऊण मिळवलेला असतो. नवशिका वाचक ‘पावणेचार’ ऐकून चारचा आकडा शोधत बसतो, आणि कागदावर तीन असतो.