रुळांखालचं सुतारकाम

मॉडेल रेल्वेत सर्वांत जास्त चालणारं माप म्हणजे एचओ, अस्सल गाडीपेक्षा ८७ पटींनी लहान. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं आणि १९९८ मध्ये सुरू झालेलं मिनिएचर रेल्वे संग्रहालय याच मापाचं. लांबी ८७ पटींनी घटली की वजन मात्र ८७ च्या घनाने, म्हणजे साडेसहा लाखांहून जास्त पटींनी घटतं. ६५ टनांचा भरलेला मालडबा इथे १०० ग्रॅमचा होतो. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने अशा डब्याच्या लांबीसाठी सुचवलेलं वजनही जवळपास तितकंच आहे.

म्हणजे दहा डब्यांची मालगाडी इंजिन धरूनही दीड किलोच्या आसपास. एवढ्यासाठी घरातलं जुनं टेबल पुरेल असं कुणालाही वाटेल. पण लेआउटचं, म्हणजे मांडलेल्या मॉडेल रेल्वेचं, बेंचवर्क, म्हणजे रुळांखालचा लाकडी सांगाडा, गाड्यांचं वजन पेलण्यासाठी नसतोच. त्याला स्वतःचा भार, प्लास्टरचे डोंगर आणि मधला रुळावरून उतरलेला डबा उचलायला कोपर टेकून ओणवा झालेला मालक एवढं सोसायचं असतं, तेही न वाकता. चाकाला रुळावर धरून ठेवणारी कड प्रचलित मानकानुसार जेमतेम ०.६४ मिलिमीटर खोल असते. रुळांच्या सांध्यात अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटा आला, तरी डबा तिथेच उतरणार.

न वाकण्याचं गणित सुताराला न शिकता ठाऊक असतं: पट्टी उभी लाव. १९ मिलिमीटर जाड आणि ८९ मिलिमीटर रुंद पट्टी आडवी ठेवण्याऐवजी काठावर उभी केली, की तिचा ताठपणा सुमारे २२ पट होतो, कारण ताठपणा उंचीच्या घनाने वाढतो, रुंदीच्या मात्र साध्या प्रमाणात. लिन वेस्टकॉट हे ‘मॉडेल रेलरोडर’ या अमेरिकी मासिकाचे संपादक होते. त्यांनी १९६० च्या दशकात प्रचारात आणलेला ‘एल गर्डर’ याच तत्त्वावर उभा आहे. उभ्या फळीच्या वरच्या काठावर एक अरुंद पट्टी सरस लावून आडवी बसवायची. झाला उलट्या एलच्या आकाराचा तुळईवजा तुकडा. असे दोन गर्डर समांतर, त्यांच्यावर आडव्या पट्ट्या, आणि त्यांचे स्क्रू खालून मारलेले. वर रूळ, खडी, गाव सगळं झाल्यावरही खाली शिरून एखादी पट्टी सरकवता येते. माझ्या मते या पद्धतीचं खरं मोठेपण ताकदीपेक्षा या खालून मारलेल्या स्क्रूंमध्ये आहे, कारण पहिल्या आराखड्यावर शेवटपर्यंत टिकलेला लेआउट विरळाच.

पाय कुठे द्यायचे? हात आपोआप टोकांकडे जातो. पण पाय दोन्ही टोकांपासून सुमारे एक पंचमांश आत घेतले, तर बाहेर लोंबणारी टोकं मधल्या भागाला उचलून धरतात आणि गर्डरमधला सर्वांत मोठा वाकवणारा जोर टोकांना पाय असतानाच्या साधारण एक षष्ठांशावर येतो. त्याच लाकडात, एक पैसाही जास्त न घालता.

लाकूड पाणी पितं, हा दुसरा त्रास. अखंड लाकडाच्या फळीची लांबी हवेतल्या दमटपणाने फारशी बदलत नाही, पण रुंदी पावसाळ्यात काही मिलिमीटर वाढू शकते. प्लायवुडमध्ये थरांचे रेषे एकाआड एक काटकोनात असल्याने थर एकमेकांना आवरून धरतात, म्हणून रुळांखाली प्लायच बरा. निकेल सिल्व्हर या तांबं-निकेल-जस्ताच्या मिश्रधातूचा तीन मीटर रूळ तापमानातल्या २० अंशांच्या वाढीने सुमारे एक मिलिमीटर वाढतो. सांध्यांत थोडी फट ठेवली नाही तर त्याला बाजूला फुगण्यावाचून गत्यंतर नसतं.

आता चढ. एक मार्ग दुसऱ्यावरून न्यायचा तर दहा सेंटिमीटर उंची लागते. दोन टक्क्यांच्या चढाने ती गाठायला पाच मीटर हवेत. (बोर घाटातला चढ १:३७, म्हणजे २.७ टक्के. तिथे मागून बँकर इंजिनं लावावी लागतात.) यासाठी प्लायचा सलग तक्ता टाकून मार्गाच्या दोन्ही कडांनी जिगसॉ करवतीने कापतात आणि तेवढीच पट्टी ठोकळ्यांवर उचलतात. सपाटी संपून चढ सुरू होतो तिथे मोडलेला कोन चालत नाही, लांब डब्यांचे कपलर, म्हणजे डबे जोडणारे आकडे, सुटतात. पण प्लाय अखंड असल्याने तो कोनात मोडतच नाही, हळूहळू वाकत जातो. गोलाई आपोआप मिळते.

आडव्या वळणातही हीच युक्ती. वर्तुळाचा भाग सरळ रेषेपासून किंचित आत सरकवायचा, लवचीक पट्टी वर्तुळावर खिळ्यांनी पक्की करायची आणि तिचं मोकळं टोक एकाच खिळ्याने सरळ रेषेवर टेकवायचं. त्या खिळ्यापाशी वाकवणारा जोर शून्य असतो आणि वर्तुळाकडे जाताना तो अंतराच्या प्रमाणात वाढतो. जितका जोर, तितका वाक. अस्सल रेल्वेचे अभियंते संक्रमण वक्र म्हणून आकडेमोड करून आखतात, तो आकार जवळपास हाच. इथे तो लाकडाची पट्टी काढून देते.

या प्लायवर येतं रोडबेड, म्हणजे रुळांखालचा थर. खऱ्या मार्गाची खडी भार पसरवते आणि पाण्याचा निचरा करते. मॉडेलमध्ये ना भार, ना पाऊस. तरीही पाच मिलिमीटरची कॉर्कची पट्टी घालतात, त्यातलं एक कारण दिसण्याचं: उतरत्या कडांमुळे मार्ग भरावावर असल्यासारखा वाटतो. दुसरं आवाजाचं. मोठा पातळ प्लाय सतारीच्या भोपळ्यासारखं वागतो, चाकांची बारीक थरथर घेऊन खोलीभर घुमवतो. कॉर्कच्या पेशी हवेने भरलेल्या असतात. त्या दबतात, आणि थरथरीतली बरीचशी ऊर्जा तिथेच जिरते.

मग हौसेने खडी टाकली जाते, पांढऱ्या गोंदाचं पाणी सोडलं जातं, आणि गोंद सुकल्यावर गाडी पुन्हा खडखडू लागते. खडी आणि गोंद मिळून स्लीपरपासून थेट प्लायपर्यंत एक कडक थर तयार झालेला असतो आणि कॉर्कला वळसा घालून आवाज तिथून खाली उतरतो. उपाय दोन: सुकल्यावरही रबरासारखा राहणारा लॅटेक्स गोंद वापरायचा, किंवा खडी कॉर्कच्या उतारावरच थांबवून प्लायला टेकू द्यायची नाही.