तीस बाथमागचं गणित

२००१ च्या निवडणुकीत थाकसिन शिनावात्रा यांच्या पक्षानं थायलंडच्या मतदारांना वचन दिलं: तीस बाथमध्ये (बाथ हे तिथलं चलन) कुठल्याही आजारावर उपचार. सत्ता मिळाल्यावर त्याच वर्षी एप्रिलमध्ये सहा प्रांतांत योजना सुरू झाली आणि २००२ मध्ये ती देशभर लागू झाली. १९९७ च्या आर्थिक संकटातून देश तेव्हा जेमतेम सावरत होता. दरडोई उत्पन्न वर्षाला दोन हजार डॉलरच्या आसपास होतं. एवढ्यात सगळ्यांना आरोग्यसेवा देणं झेपणार नाही, असं अनेक जाणकारांचं मत होतं.

तीस बाथ लोकांच्या तोंडी बसले, पण योजना त्यांवर कधीच चालली नाही. ते शुल्क नाममात्र होतं. २००६ मध्ये ते रद्द झालं, तरी योजना सुरूच राहिली. पैसा येतो करांतून. थायलंडनं खरं डोकं लावलं ते हा पैसा रुग्णालयाला कोणत्या हिशेबानं द्यायचा, या प्रश्नावर. माझ्या मते कुठल्याही देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा स्वभाव याच प्रश्नाच्या उत्तरातून ठरतो.

रुग्णालयाला प्रत्येक तपासणीचे, प्रत्येक शस्त्रक्रियेचे वेगळे पैसे मिळत असतील, तर तपासण्या वाढत जातात. त्यासाठी कुणी लबाड असावं लागत नाही. शंका आली की आणखी एक चाचणी करून घ्यावी, असंच प्रत्येकाला वाटतं आणि बिल फुगतं. थायलंडनं बाह्यरुग्ण सेवेसाठी उलटा मार्ग धरला. रुग्णालयाकडे जितके लोक नोंदलेले, तितक्या माणसांमागे ठरावीक रक्कम आगाऊ द्यायची. मग त्यांतले किती आजारी पडोत. माणसं निरोगी राहिली तर रुग्णालयाचे पैसे वाचतात, त्यामुळे रक्तदाब वेळेवर ओळखण्यात त्याचंही हित असतं. पण यातही खोट आहे: कमी उपचार करूनही पैसे वाचतात. म्हणून दाखल रुग्णांसाठी वेगळी पद्धत ठेवली. आजारांचे गट पाडले, उपचाराच्या खर्चाप्रमाणे प्रत्येक गटाला भार दिला आणि त्यानुसार पैसे वाटले. वर्षाचा एकूण निधी मात्र आधीच बांधलेला. सुरुवातीला सगळ्या सेवा मिळून माणशी वर्षाला सुमारे १,२०० बाथ धरले होते.

दुसरा बदल कायद्यानं झाला. तोवर आरोग्य मंत्रालय रुग्णालयं चालवायचं आणि त्यांना पैसेही तेच द्यायचं. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य सुरक्षा कायद्यानं पैसे देणारं कार्यालय वेगळं काढलं. ते लोकांच्या वतीनं सेवा विकत घेतं आणि मंत्रालयाची रुग्णालयं ती पुरवतात. या कार्यालयाचे पहिले प्रमुख डॉ. सांगुआन नित्यारम्फोंग हे सिसाकेट या गरीब प्रांतात तालुक्याच्या रुग्णालयात काम केलेले डॉक्टर होते. सर्वांसाठी आरोग्य सुरक्षेचा आराखडा घेऊन तेच राजकीय पक्षांकडे गेले होते. घोषणा पक्षाची, पण तिच्यामागची वर्षानुवर्षांची तयारी अशा ग्रामीण डॉक्टरांची.

आणि एक गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते. योजनेचं कार्ड लोकांच्या हातात पडलं तेव्हा ते दाखवायला जवळपास रुग्णालय होतं. १९८० च्या दशकात सरकारनं शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांचा विस्तार काही वर्षं रोखून तो पैसा तालुक्यांकडे वळवला. नव्या डॉक्टरांना सरकारी सेवेची तीन वर्षांची सक्ती १९७० च्या दशकापासूनच होती, आणि त्यांतल्या बहुतेकांना ग्रामीण भागात जावं लागे. शिवाय गावोगावचे आरोग्य स्वयंसेवक आहेत. त्यांची संख्या आज दहा लाखांवर आहे आणि कोविडच्या काळात घरोघर जाऊन चौकशी करण्याचं काम त्यांनीच केलं. हा पाया नसता, तर २००१ चं कार्ड नुसता कागद ठरलं असतं.

देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा योजनेआधी एक तृतीयांशाच्या आसपास होता, तो दशकभरात साधारण एक दशांशावर आला. गरीब प्रांतांत तान्ह्या बाळांचे मृत्यूही घटले.

तरी सगळे आजार यात नव्हते. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर लागणारं डायलिसिस सुरुवातीला योजनेबाहेर होतं. यंत्रावर रक्त शुद्ध करायचं तर आठवड्यातून दोन-तीन वेळा, दरवेळी सुमारे चार तास केंद्रात जावं लागतं, तेही आयुष्यभर. दुसरी पद्धत पोटाची. पोटात कायमची बसवलेली मऊ नळी असते. तिच्यातून साधारण दोन लिटर द्रावण आत सोडायचं, काही तास ठेवायचं, मग काढून टाकायचं. दिवसातून चार वेळा, घरच्या घरी, हात स्वच्छ धुऊन, कारण जंतू आत गेले तर पोटाच्या आवरणाला सूज येऊन जिवावर बेततं. थाई संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा मिळणाऱ्या आयुष्याच्या मानानं दोन्ही पद्धती नेहमीच्या निकषांत महागच ठरल्या. पण उपचारापायी कुटुंबं कंगाल होत होती, आणि ज्यांना ते शक्य नव्हतं त्यांचे रुग्ण मरत होते. २००८ मध्ये सरकारनं डायलिसिस योजनेत घेतलं, पण आधी पोटाची पद्धत या अटीवर. द्रावणाची घाऊक खरेदी झाली आणि पिशव्या टपाल खात्यामार्फत थेट घरी पोहोचू लागल्या. आकडा विरोधात असूनही तो लपवला नाही, आणि माणसाच्या बाजूनं निर्णय घेतला. हा प्रसंग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो.

२०२२ मध्ये अट काढून पद्धत निवडण्याची मुभा दिली. अनेकांनी यंत्राची वाट धरली आणि खर्चाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

अडचणी आणखीही आहेत. देशात आजही तीन वेगळ्या योजना आहेत: सरकारी नोकरांची, खासगी नोकरदारांची आणि उरलेल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांची. सरकारी नोकरांवर माणशी होणारा खर्च इतरांपेक्षा कितीतरी जास्त आहे. हे तीन निधी एक करावेत असं वर्षानुवर्षं बोललं जातं, पण ज्यांना जास्त मिळतं ते सोडायला तयार नाहीत. परदेशी रुग्णांवर चालणारी बँकॉकची खासगी रुग्णालयं सरकारी डॉक्टरांना ओढून घेतात. त्यात जन्मदर घसरल्यानं लोकसंख्या झपाट्यानं म्हातारी होते आहे, पाचातला एक जण साठीच्या आसपास किंवा पुढे आहे. कर भरणारे हात कमी आणि औषधं लागणारी माणसं जास्त, अशा वेळी माणशी रक्कम दरवर्षी किती वाढवायची, यावर अर्थसंकल्पाच्या काळात बँकॉकमध्ये ओढाताण होते. २०२४ पासून काही प्रांतांत ओळखपत्र दाखवून नोंदणीबाहेरच्या रुग्णालयातही उपचार मिळू लागले आणि पुढे ही सोय वाढत गेली. रुग्णाच्या दृष्टीनं हे सोयीचंच आहे. पण माणसं ठरलेल्या रुग्णालयाशी बांधलेली आहेत, या गृहीतावरच आगाऊ रकमेचा सगळा हिशेब उभा होता. आता तो नव्यानं मांडावा लागणार आहे.