पाइप ऑर्गन, आपला पावसाळा आणि देखभालीचा खर्च

संगीत नाटकातला ऑर्गन गोव्यातल्या मराठी माणसाच्या चांगल्या ओळखीचा आहे. पायाने भाता मारायचा, आत पितळी रीड, म्हणजे पातळ पट्ट्या, थरथरतात आणि सूर निघतो, जत्रेतल्या नाटकाला अजूनही कुठे कुठे दिसतो. पण मोठ्या कॅथेड्रलमध्ये असतो तो पाइप ऑर्गन पार वेगळ्या तत्त्वावर चालतो, त्यातल्या बहुतेक पाइपांमध्ये हलणारा एकही भाग नसतो. थरथरते ती फक्त हवा. आणि म्हणूनच त्याची देखभाल म्हणजे खरं तर हवेची देखभाल आहे, हे एकदा लक्षात आलं की त्यावर एवढा खर्च का होतो आणि मदत करायची तर नेमकी कशाला करायची, हे कळायला सोपं जातं.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून बघा. घुमल्यासारखा आवाज येतो. पाइपामध्ये थोडंफार असंच होतं, खालून आलेली हवा एका बारीक फटीतून पातळ पट्टीसारखी बाहेर पडते, समोरच्या धारदार ओठावर आपटते आणि क्षणात आत क्षणात बाहेर अशी झुलायला लागते, त्या झुलण्याला पाइपातला हवेचा खांब साथ देतो आणि सूर पक्का होतो. किती वेळा झुलायचं ते पाइपाची लांबी ठरवते. दोन्हीकडून उघडा ८ फुटांचा पाइप सेकंदाला साधारण ६५ कंपनं देतो, १६ फुटांचा ३२ च्या आसपास, आणि ३२ फुटांचा, म्हणजे जवळजवळ १० मीटर उंचीचा, फक्त १६, तो कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. सगळ्यात छोटे पाइप पेन्सिलीपेक्षा बारीक असतात. वरचं तोंड बंद केलं की अर्ध्या लांबीत तोच सूर मिळतो, फक्त त्याचा रंग बदलतो, थोडा पोकळ वाटतो. जागा कमी असेल तिथे हे फार उपयोगी पडतं.

हवेचा दाब किती लागत असेल? मला आधी वाटायचं भरपूर लागत असणार, एवढं मोठं धूड आहे म्हटल्यावर. पण बऱ्याच जुन्या ऑर्गनमध्ये तो जेमतेम ७५ ते १०० मिलिमीटर पाण्याच्या उंचीएवढा असतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या एका टक्क्याच्या आतबाहेर. फुगा फुगवताना आपण याहून जास्त जोर लावतो. दाब कमी, पण तो अजिबात हलता कामा नये, नाहीतर सूर डगमगतो. वीज येण्याआधी माणसं भाते ओढायची, आता मोटरचा ब्लोअर असतो, तरी हवा साठवून दाब सारखा ठेवणारी पेटी लाकडाची आणि चामड्याचीच राहिली आहे. आणि आपल्याकडे गडबड सुरू होते ती इथूनच.

आधी तापमानाचं बघू. ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो, पाइपाची लांबी मात्र जवळजवळ तेवढीच राहते, त्यामुळे सूर चढतो. समजा जानेवारीच्या सकाळी २० डिग्रीला एक पाइप सेकंदाला ४४० कंपनांवर लावला. मे महिन्याच्या दुपारी आतली हवा ३३ डिग्रीला गेली तर तोच पाइप ४५० च्या आसपास बोलेल. पुढची पट्टी ४६६ ला आहे, म्हणजे एक तृतीयांश वाट तो चालून गेला. सगळे पाइप सारखेच चढले असते तर निदान आपापसात तरी जुळले असते, पण ऑर्गनमध्ये काही रांगा रीडच्याही असतात, त्यांच्यात पितळी जीभ थरथरते आणि ती उन्हाला एवढी जुमानत नाही. मग एक घोळका वर जातो, दुसरा जागेवर राहतो, आणि दोन्ही एकत्र वाजवले की आवाजात ती कुरकुरणारी लाट ऐकू येते. रीड संख्येने कमी, म्हणून ट्यूनर बहुतेक वेळा त्यांनाच बाकीच्यांशी जुळवून घेतात, आणि हे काम मोसम बदलला की परत करावं लागतं. त्याला इलाज नाही.

जाड चिऱ्याच्या भिंतींचा इथे मोठा फायदा होतो. ओल्ड गोव्याचं से कॅथेड्रल घ्या, १५६२ ला बांधायला काढलं, आत टाळी वाजवली तर नाद लगेच विरत नाही, आणि भरदुपारी आत पाऊल टाकलं की गारवा लागतो. अशा इमारतीत तापमान सावकाश बदलतं, वाद्याला तेच हवं असतं. फक्त मिसापुरता एसी लावायचा आणि नंतर बंद करायचा, हा मात्र माझ्या मते ऑर्गनसाठी सगळ्यात वाईट उपाय. तासाभरात गार-कोरडं, परत गरम-दमट, लाकूड बिचारं किती वेळा फुगेल आणि आकसेल.

आणि दमट हवा हीच खरी डोकेदुखी आहे. चवथीला घुमट हे कातड्याचं वाद्य वाजवणाऱ्या कुणालाही विचारा, पावसात कातडं ढिलं पडतं, आरतीच्या आधी ते शेकून घ्यावं लागतं. ऑर्गनमध्ये असं चामडं शेकडो ठिकाणी, झडपांना, भात्याच्या घड्यांना, आणि बाहेर काढून शेकायची सोय नाही. जून ते सप्टेंबर लाकूड ओल पिऊन फुगतं, कळा अडकतात, एखादी कळ सोडली तरी सूर बंदच होत नाही. मग डिसेंबर-जानेवारीत कोरडं वारं सुटतं आणि तेच लाकूड आकसून भेगा पडतात, एका पाइपाची हवा भेगेतून शेजारच्याला जाते, न दाबलेला सूर हळूच कण्हायला लागतो. वरून बुरशी, वाळवी, उंदीर. आर्द्रता साधारण ५० ते ६० टक्क्यांत स्थिर ठेवली तर यातला बराच त्रास टळतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती ८०-९० च्या घरात असते.

युरोपात थंडी असते म्हणून तिथे सगळं ठीक असेल असंही नाही. जर्मनीतल्या ल्युबेकच्या एका जुन्या ऑर्गनचे शिशाचे पाइप आतून खाल्ले जात होते. तपास केल्यावर कळलं की वाद्याच्याच ओक लाकडातून निघणारी ॲसिटिक ॲसिडची वाफ शिशाला गंजवत होती. म्हणजे दुरुस्तीत कुठलं लाकूड, कुठला गोंद वापरता यालासुद्धा महत्त्व आहे.

आपल्यासारख्या हवेत हे वाद्य टिकूच शकत नाही असं कुणी म्हणालं तर मी फिलिपिन्सचं लास पिन्यास दाखवेन. तिथे दिएगो सेरा नावाच्या पाद्रीने १८१६ ते १८२४ या काळात ऑर्गन बांधला, १०३१ पाइप, त्यातले ९०२ बांबूचे! कीड लागू नये म्हणून बांबू आधी समुद्राच्या वाळूत पुरून ठेवले होते. फक्त कर्ण्यासारखे रीडचे पाइप धातूचे केले, कारण तो आवाज बांबूतून निघत नव्हता. नंतर भूकंप झाले, वादळं झाली, वाद्य बराच काळ मोडकळीला आलं, शेवटी १९७३ मध्ये ते जर्मनीत बॉनला क्लाइस यांच्या कारखान्यात पाठवलं आणि १९७५ मध्ये दुरुस्त होऊन परत आलं. तेव्हापासून तिथे त्या वाद्यासाठी दरवर्षी संगीत महोत्सव होतो. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण न वाजणारा ऑर्गन लवकर मरतो. वाजवत राहिलं की झडपा हलत्या राहतात, बिघाड छोटा असतानाच वाजवणाऱ्याच्या कानाला कळतो.

पॅरिसच्या नोत्र-दामचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. २०१९ च्या आगीतून जवळजवळ ८००० पाइपांचा ऑर्गन वाचला, पण छताच्या शिशाची धूळ त्याच्यावर बसली, म्हणून तो सुटा करून साफ केला, परत जोडला आणि कित्येक महिने सूर जुळवले. जगभरातून पैसा आला. आगीनंतर पैसा येतोच. साध्या पावसाळ्यानंतर येत नाही, आणि नुकसान मात्र पावसाळाच जास्त करतो.

म्हणून कुठल्याही चर्चच्या ऑर्गनसाठी काही द्यायची इच्छा असेल तर मी म्हणेन, एकदाच मोठी रक्कम देऊन नावाची पाटी लावण्यापेक्षा दरवर्षी थोडं द्या आणि ते कशाला जातंय ते विचारा. आर्द्रता मोजणारं साधं यंत्र आहे का, त्याची नोंद कुणी वहीत ठेवतं का, वर्षातून निदान दोनदा ट्यूनर येतो का, छप्पर गळतं का (छप्पर सगळ्यात आधी!). बऱ्याच ठिकाणी एकेक पाइप दत्तक द्यायची पद्धत आहे, ती मुलांना खूप आवडते, आणि जमा झालेला पैसा ह्या कंटाळवाण्या कामांनाच लागतो.

पैशाएवढीच गरज माणसांची आहे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी पोरांना सॉल्फेज (सूर वाचून गायची पद्धत) आणि व्हायोलिन शिकवलं, त्यातूनच पुढे मुंबईच्या फिल्म ऑर्केस्ट्रांना इतके वादक मिळाले. सूर ओळखणारे कान इथे आहेत, सागवानावर बारीक हात चालवणारे सुतार आहेत, चामड्याचं काम जाणणारे घुमट बनवणारे आहेत. बाहेरून ट्यूनर येईल तेव्हा यातल्या दोघा-तिघांना त्याच्या हाताखाली बसवायचं, त्यांची रोजची मजुरी देणगीतून द्यायची, म्हणजे पुढच्या जुलैमध्ये कळ अडकली तर तिकिटं काढून कुणाला बोलवावं लागणार नाही.