मल्टिक्लासचा हिशेब पन्नास वर्षांत कसा बदलत गेला

तलवारही चालवायची आणि मंत्रही टाकायचे, ही हौस टेबलटॉप रोलप्लेइंगइतकीच, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका खेळायच्या खेळाइतकीच, जुनी आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला, तेव्हा त्यात तीनच क्लास, म्हणजे पात्रांचे पेशे, होते: फायटिंग-मॅन (लढवय्या), मॅजिक-यूझर (जादूगार) आणि क्लेरिक (पुरोहित). एल्फ या वंशाच्या पात्राला मात्र तेव्हापासूनच सूट होती. एका मोहिमेत तो फायटिंग-मॅन म्हणून उतरायचा, पुढच्या मोहिमेत मॅजिक-यूझर म्हणून. एकाला दोन्ही जमतं म्हटल्यावर बाकीच्यांनी एकाच क्लासवर का भागवायचं? या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक आवृत्तीने दिलं, पण मल्टिक्लासची, म्हणजे एकाच पात्राने एकाहून जास्त क्लास घेण्याची, किंमत दरवेळी वेगळ्या ठिकाणी वसूल केली.

सुरुवातीला ही किंमत म्हणजे लेव्हलची, पात्राच्या ताकदीच्या पायरीची, कमाल मर्यादा होती. एल्फ फायटिंग-मॅन म्हणून चौथ्या लेव्हलला थांबायचा आणि मॅजिक-यूझर म्हणून आठव्या. १९७८च्या ‘अॅडव्हान्स्ड’ आवृत्तीच्या प्लेअर्स हँडबुकमध्ये मर्यादा वाढली, तरी अंगात कितीही गुण असले तरी एल्फ फायटर सातव्या आणि मॅजिक-यूझर अकराव्या लेव्हलपुढे जात नसे. गायगॅक्स यांना या जगात माणसांचं वर्चस्व हवं होतं, त्यातून हा नियम आला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत कच्ची तजवीज. मर्यादेला पोहोचेपर्यंत ती कुणाला जाणवत नाही आणि बऱ्याच कॅम्पेन (सलग चालणारे डाव) तिथवर पोहोचण्याआधीच संपतात. ज्या पोहोचतात, तिथे त्या खेळाडूची वाढ एका दिवसात थांबते आणि बाकीची पार्टी पुढे निघून जाते.

खरा तोल सांभाळला जायचा तो एक्सपीच्या, म्हणजे लेव्हल वाढवणाऱ्या अनुभवगुणांच्या, वाटणीमुळे. मल्टिक्लास कॅरेक्टरला मिळालेला एक्सपी दोन क्लासमध्ये निम्मा-निम्मा वाटला जायचा आणि हिट पॉइंट्सची (किती मार सोसता येतो त्या आकड्याची) सरासरी काढली जायची. निम्मा एक्सपी म्हणजे निम्मी ताकद असं वाटतं, पण तसं होत नव्हतं. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीतले आकडे घ्या. फायटरला दुसरी लेव्हल २,००० एक्सपीला, मग ४,०००, ८,०००, १६,०००, ३२,०००, ६४,०००. लेव्हलगणिक आकडा दुप्पट. समजा सगळ्यांकडे ८०,००० एक्सपी आहे. नुसता फायटर सातव्या लेव्हलवर आहे, नुसता विझार्डही (जादूगार) सातव्यावर. फायटर/विझार्डच्या वाट्याला दोन्हीकडे ४०,००० येतात, आणि त्यात तो फायटर सहावा आणि विझार्डही सहावा होतो. फक्त एक लेव्हल मागे, आणि त्या बदल्यात दोन्ही क्लास हातात!

हा सौदा इतका स्वस्त का, हे त्या तक्त्याच्या घडणीतच आहे. शेवटची लेव्हल जवळपास आधीच्या सगळ्या लेव्हलइतकी महाग असते, त्यामुळे अर्धा एक्सपी सोडला तरी एकच पायरी हुकते. पुढे दुप्पट होणं थांबतं आणि फायटरला नवव्यानंतर प्रत्येक लेव्हलला सपाट २,५०,००० लागतात, तेव्हा चित्र बदलतं. १५ लाख एक्सपीला नुसता फायटर किंवा नुसता विझार्ड चौदाव्यावर असतो, दोन्ही करणारा मात्र फायटर अकरावा आणि विझार्ड बारावा. अंतर हळूहळू वाढत जातं. वरच्या मर्यादेपेक्षा हे कितीतरी समंजस गणित होतं.

माणसांना ही वाटणी मिळत नसे. त्यांच्यासाठी ड्युअल-क्लासचा रस्ता होता: जुना क्लास कायमचा सोडायचा आणि नव्यात पहिल्या लेव्हलपासून सुरुवात करायची. अट कडक होती. जुन्या क्लासच्या मुख्य गुणात (ताकद, बुद्धी अशा) किमान १५ आणि नव्याच्या मुख्य गुणात किमान १७. नवी लेव्हल जुनीच्या पुढे जाईपर्यंत जुनी कौशल्यं वापरली, तर त्या प्रसंगाचा एक्सपी बुडायचा. पाचव्या लेव्हलच्या फायटरने तलवार म्यान करून पहिल्या लेव्हलचा विझार्ड म्हणून पार्टीच्या मागे लपायचं, असे ते दिवस. पण पाचव्या लेव्हलपर्यंत जायला लागले होते फक्त १६,००० एक्सपी, आणि विझार्डला नवव्यापर्यंत पोहोचायला लागतात १,३५,०००. म्हणजे थोडा काळ हाल सोसले की फायटरची पाच लेव्हलं जवळजवळ फुकटात पदरात पडायची. दुप्पट होत जाणारा तक्ता इथेही कामी येत होता.

२००० साली तिसरी आवृत्ती आली. जोनाथन ट्वीट, मॉन्टी कुक आणि स्किप विल्यम्स यांनी सगळ्या क्लासना एकच एक्सपी तक्ता दिला आणि प्रत्येक लेव्हलला हवा तो क्लास घ्यायची मुभा दिली. वंशाची मर्यादा गेली, माणसांचा वेगळा नियम गेला. इतकी मोकळीक आधी कधीच नव्हती आणि त्या निर्णयाचा मला आजही आदर वाटतो. पण त्याच फटक्यात जुना तोल मोडला. आधी एक्सपीची वाटणी व्हायची, आता लेव्हलचीच होऊ लागली. दहाव्या लेव्हलचा मल्टिक्लास म्हणजे फायटर ५/विझार्ड ५, सहा/सहा किंवा नऊ/नऊ नव्हे.

फायटरचं यात फार बिघडत नव्हतं, कारण त्याचे अटॅक बोनस (हल्ल्याच्या फाशात मिळवायचे आकडे) दोन्ही क्लासांच्या बेरजेने वाढतात. विझार्डचं कंबरडं मोडलं. पार्टीतला दहाव्या लेव्हलचा विझार्ड पाचव्या पातळीचे स्पेल (मंत्र; त्यांची पातळी पात्राच्या लेव्हलहून वेगळी) टाकतोय आणि त्याच्या फायरबॉलला, म्हणजे आगीच्या स्पेलला, नुकसानीचे दहा डाइस (फासे) आहेत. विझार्ड ५ वाला तिसऱ्या पातळीवर अडकलेला, फायरबॉलला पाच डाइस, आणि शत्रूचा स्पेल रेझिस्टन्स (जादूला होणारा विरोध) भेदायचा तर रोलमध्ये पाचने कमी. त्याने जे मिळवलं ते तीन लेव्हलांपूर्वीच जुनं झालेलं.

उलट बाजूला डिपचा, म्हणजे एखाद-दुसऱ्या लेव्हलपुरता दुसरा क्लास घेण्याचा, सुकाळ झाला. २०००च्या नियमांत रेंजर या क्लासला पहिल्याच लेव्हलला दोन शस्त्रांनी लढायची फीट्स (खास कौशल्यं) मिळायची, म्हणून जो तो एक लेव्हल रेंजर घ्यायचा. शिवाय प्रत्येक नव्या क्लाससोबत चांगल्या सेव्हचे (संकट टाळायच्या फाशाचे) +२ पुन्हा जमा व्हायचे. क्लासांच्या लेव्हलमध्ये एकाहून जास्त फरक पडला तर एक्सपीत २० टक्के कपात असा दंड होता, पण तो भलत्याच ठिकाणी बसला. फेवर्ड क्लासला (वंशाच्या आवडीच्या क्लासला) त्यातून सूट होती, त्यामुळे हुशारीने जुळवणारे सुटायचे आणि सरळपणे खेळणारे सापडायचे.

पुढची काही वर्षं डागडुजीत गेली. २००३च्या सुधारित नियमांनी रेंजरची शस्त्रशैली दुसऱ्या लेव्हलवर ढकलली. मिस्टिक थिअर्ज हा प्रेस्टिज क्लास (अटी पुऱ्या केल्यावरच मिळणारा) आला, त्यात विझार्ड आणि क्लेरिक दोघांचीही जादू एकाच लेव्हलला वाढायची. म्हणजे मूळ नियमात जे हरवलं होतं, ते वेगळ्या क्लासच्या रूपाने परत आणावं लागलं. २००८च्या चौथ्या आवृत्तीने तर दारच जवळपास लावून घेतलं. दुसऱ्या क्लासमधलं थोडंफार काही हवं असेल तर फीट खर्च करा, बस्स. बिघडण्यासारखं फार उरलं नाही, पण अर्धा-अर्धा असा कॅरेक्टर हवा असणाऱ्यांना २०१० पर्यंत, हायब्रिडचे नियम येईपर्यंत, थांबावं लागलं. पेझो कंपनीच्या ‘पाथफाइंडर’ या वेगळ्या खेळाच्या २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीनेही फीटचाच मार्ग धरला, पण त्यात खोली आणली. डेडिकेशन फीट (दुसऱ्या क्लासचं दार उघडणारी) घेतली की त्याच आर्किटाइपच्या (त्या क्लासच्या फीट्सच्या गटातल्या) आणखी दोन फीट्स घेतल्याशिवाय तिसऱ्या क्लासकडे वळता येत नाही. उचल-टाक करणाऱ्याला आवरण्याचा याहून साधा उपाय मला तरी माहीत नाही.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीने तिसरीची मोकळीक परत आणली, पण हिशेब जपून मांडला. प्रोफिशिअन्सी बोनस (सरावाच्या कामांत फाशाला मिळणारी भर) एकूण लेव्हलवर, कॅन्ट्रिपची (हवे तितक्यांदा टाकता येणाऱ्या साध्या मंत्रांची) ताकदही एकूण लेव्हलवर. विझार्ड ५/क्लेरिक ५ ला स्लॉट (स्पेल टाकण्यासाठी खर्चायच्या मोजक्या जागा) दहाव्या लेव्हलचे मिळतात, स्पेल मात्र तिसऱ्या पातळीपर्यंतचेच येतात. तेच स्पेल वरच्या स्लॉटमधून जोरात टाकता येतात, म्हणून २००० मधल्यासारखी दैना होत नाही. एक्स्ट्रा अटॅक (एकाच टर्नमधला जादा हल्ला) दोन क्लासमधून आला तरी त्याची बेरीज होत नाही. गुणवाढ क्लासच्या लेव्हलला बांधलेली आहे, त्यामुळे प्रत्येक डिपला ती एक लेव्हल लांबते.

तरी एक फट राहिली. पॅलडिन, सॉर्सरर आणि वॉरलॉक हे तिन्ही क्लास करिश्मा या गुणावर चालतात. २०१७ साली हेक्सब्लेड हा वॉरलॉकचा सबक्लास (उपप्रकार) आला आणि वॉरलॉकच्या पहिल्याच लेव्हलला करिश्म्याने तलवार चालवता येऊ लागली. एका लेव्हलच्या बदल्यात पॅलडिनला हल्ला, जादू आणि सेव्हला बळ देणारा ऑरा, सगळं एकाच गुणावर पेलता येऊ लागलं. २०२४च्या हँडबुकने सगळे सबक्लास तिसऱ्या लेव्हलला नेले आणि ही वाट बंद झाल्यासारखी वाटली. पण त्याच पुस्तकात पॅक्ट ऑफ द ब्लेड हे पहिल्या लेव्हलला घेता येणारं इन्व्होकेशन (वॉरलॉकची खास विद्या) झालं, आणि करिश्म्याने तलवार चालवायची सोय त्यातच आहे. बदललं ते पॅलडिनच्या स्माइटचं (घावात जादूचा जोर भरण्याचं): तो आता स्पेल आहे, त्याला बोनस अॅक्शन (एका टर्नमध्ये एकदाच मिळणारी जादा कृती) लागते, त्यामुळे एका टर्नमध्ये दोन-तीन स्माइट रचण्याचा जुना खेळ बंद झाला.